निळू फुले : पाटलाचे सोंग आणि समोरची रिकामी जागा

आपली समीक्षा लेखकाची झडती घेते, नटाला मात्र मोकळा सोडते. कथा, कविता, आत्मकथन, नाटकाची संहिता यांवर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले. शब्द कोणत्या जाणिवेतून आला आणि तो कुणाच्या बाजूने उभा आहे, हे आपण प्रत्येक लेखकाला दरडावून विचारले. पण ज्या माणसाच्या चेहऱ्यातून, आवाजातून आणि चालण्यातून ही समाजव्यवस्था खेड्यातल्या निरक्षर माणसापर्यंत पोहोचली, त्या नटाकडे आपण निव्वळ करमणूक म्हणून पाहिले. माझ्या आईने एकही दलित आत्मकथन वाचलेले नाही, कारण तिला वाचताच येत नाही. निळू फुले मात्र तिला पाठ आहेत. तेव्हा ज्या समीक्षेला माझ्या आईच्या अनुभवापर्यंत जायचे आहे तिला कधी तरी निळू फुले यांच्यापर्यंत जावे लागेल.

मी जव्हार-मोखाडा भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा घरांतली मुले-मुली माझ्या वर्गात असतात. त्यांतले बहुतेक जण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. हा लेख लिहावा असे वाटले त्याला एक लहानसा प्रसंग कारण झाला.

स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या होत्या. दोन मुलांनी एक नक्कल बसवली होती. एकाने डोक्याला टॉवेलचा फेटा बांधला, काजळाने मिशी काढली, खुर्चीवर पाय पसरला आणि खर्जातला, दाताखाली धरलेला आवाज काढून एका बाईला वाड्यावर बोलावले. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. निळू फुले यांच्या नावावर खपणारी ही नक्कल आज महाराष्ट्रभर फिरते; लग्नाच्या वरातीत, कार्यालयातल्या पार्टीत, मोबाईलवर, कुठेही. ती करणाऱ्या या मुलांपैकी एकानेही निळू फुले यांचा अख्खा चित्रपट पाहिलेला नव्हता.

तालीम संपल्यावर तृतीय वर्षातली एक मुलगी माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. तिच्या घरचे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर परततात. ती वसतिगृहात राहून शिकते. तिने विचारले, "सर, ह्यात बाईचं काम कोण करणार?"

मी म्हणालो, "कुणी नाही. ते तेवढंच असतं."

"म्हणजे बोलावतात, पण बाई नाहीच?" ती थोडा वेळ गप्प चालली. मग म्हणाली, "मग तो हसतो कुणाला बघून?"

मला उत्तर देता आले नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नाटक बसवताना पडावी तशी साधी अडचण तिने सांगितली होती. पण निळू फुले यांच्यावर जे काही लिहिले-बोलले जाते त्यात हा प्रश्न मला कुठे भेटलेला नव्हता. या लेखात मी तोच प्रश्न हाती घेऊन त्यांच्या कामाकडे पाहणार आहे.

*

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्यातला. महात्मा फुल्यांच्या घराण्याशी त्यांचे नाते सांगितले जाते. त्या नात्यावर मी काही उभारणार नाही. रक्ताच्या वारशाने माणूस मोठा होतो हा विचार आपला नव्हे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, हा माणूस पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी होता. दुसऱ्याच्या बागेत काम करणाऱ्याला मालकाची पावले ओळखावी लागतात. साहेब कोणत्या पावलाने येतो, कुठे थांबतो, कधी न बोलता नुसता बघतो, हे कष्टकऱ्याला पोटासाठी शिकावे लागते. अभिनयाच्या कोणत्याही शाळेत हे निरीक्षण शिकवत नाहीत.

दुसरी शाळा राष्ट्र सेवा दलाची. सेवा दलाच्या कलापथकात निळूभाऊ वाढले. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे वगनाट्य त्यांनी केले. 'रामनगरी'मुळे पुढे महाराष्ट्राला माहीत झालेले राम नागरकर हे त्यांचे तिथलेच सोबती. समाजवादी विचार गावोगाव न्यावा यासाठी या कलापथकांनी तमाशाचा बाज उचलला. इथे आपल्याला एक हिशेब मांडलाच पाहिजे. गण, गवळण, बतावणी, वग ही सारी मिळकत पिढ्यान् पिढ्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी सांभाळली. त्यांच्या वाट्याला राहुटी, उपासमार आणि बदनामी आली. तोच बाज पांढरपेशा रंगमंचावर गेला तेव्हा त्याला 'लोकनाट्य' असे सोवळे नाव मिळाले. निळूभाऊंचा अभिनय या उसनवारीतूनच घडला. फरक एवढाच की त्यांनी ती परतफेडीच्या बुद्धीने वापरली. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टर उडवतो आणि त्यासाठी आधी पाटील हुबेहूब उभा करतो. निळूभाऊंच्या खलनायकाचे मूळ मला या बतावणीत दिसते.

शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांचे नाव झाले. १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटातला झेलेअण्णा त्यांनी केला आणि पडद्याला एक नवा माणूस मिळाला. त्या आधीचा मराठी खलनायक बहुतेक वेळा राक्षसासारखा गरजणारा असे. झेलेअण्णा गावात रोज भेटणारा माणूस होता. तो हळू बोलतो, पान चघळतो, समोरच्याची विचारपूस करतो आणि विचारपूस करता करता त्याच्या गळ्याला फास लावतो.

साल लक्षात घ्यावे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. त्याच दशकात पंचायत राज्य आले, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, जिल्हा बँका आल्या. गावातली जुनी पाटीलकी कायद्याने गेली आणि चेअरमन, सरपंच, सभापती या नावांनी परत आली. या नव्या सत्तेवर मराठी पांढरपेशा लेखकाने फार उशिरा लिहिले, कारण त्याने ती जवळून पाहिलेली नव्हती. ती पडद्यावर पहिल्यांदा जिवंत झाली ती एका माळ्याच्या शरीरातून.

*

माझे स्वतःचे सांगणे इथे अपरिहार्य आहे. मी अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातला, उसाच्या पट्ट्यातला. आई एका बागाइतदाराच्या मळ्यात मजुरीला जायची. वस्तीत एकच टीव्ही होता. सुटीच्या दिवशी मराठी चित्रपट लागला की दाराबाहेरपर्यंत माणसे बसत. निळू फुले पडद्यावर आले की बाया त्यांना शिव्या मोजत. आई मात्र कधी शिव्या देत नसे. मी एकदा कारण विचारले तर म्हणाली, "हा आपल्याकडचाच हाय. जो खरा तसला असतो, त्याला आपण कसं दिसतो ते ठावं नसतं. ह्याला समदं ठावं हाय."

पुढे मी शहरात वसतिगृहात राहिलो तेव्हा आईचे हे वाक्य विसरलो. तिथे माझ्या आडनावाकडे पाहून बोलणे थांबवणारी मुले होती. त्यांच्यात मला जागा हवी होती. मी निळू फुले यांची नक्कल करू लागलो आणि मला जागा मिळाली. रात्री खोलीत मला बोलावून घेत, नक्कल करायला लावत, पोट धरून हसत. मी बागाइतदाराचा आवाज काढत होतो, आणि त्या आवाजाच्या पुढे आयुष्यभर उभी राहिलेली माझी आई त्या खोलीत कुठेच नव्हती. तिला वगळले म्हणूनच ती मुले हसू शकत होती आणि म्हणूनच मलाही हसवता येत होते. हे तेव्हा मला कळले नाही. त्या मुलीच्या प्रश्नाने इतक्या वर्षांनी ते माझ्यापुढे ठेवले.

*

आता 'सामना'कडे येऊ. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. १९७५ सालच्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट निळूभाऊंनी केला आणि दारूत बुडालेला जुना ध्येयवादी मास्तर डॉ. श्रीराम लागूंनी. या दोघांच्या जुगलबंदीवर आजवर पुष्कळ कौतुक लिहिले गेले आहे आणि ते रास्त आहे. पण चित्रपटभर जो प्रश्न हिंदुरावाचा पाठलाग करतो तो तिसऱ्याच माणसाविषयी आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हा तो प्रश्न.

कांबळे हे आडनाव ऐकल्यावर या पानांच्या वाचकाला अधिक काही सांगावे लागत नाही. हा माणूस चित्रपटाचा कणा आहे, पण चित्रपटाच्या वर्तमानात तो नाही. तो आठवणीत आहे, कुजबुजीत आहे. त्याच्यासाठी भांडण होते ते एका मास्तराच्या विवेकात आणि एका पाटलाच्या गढीत. सत्ता आणि नीती यांचा हा सामना आहे. जात त्याच्या तळाशी आहे, पण वाद जातीचा होत नाही. प्रस्थापित समीक्षेने 'सामना'ला राजकीय चित्रपट म्हणून गौरवले आणि मारुती कांबळेला कथानकाची एक कळ मानले. खेड्यात कांबळे नाहीसा होतो तेव्हा ती कळ नसते. एका घराची चूल विझलेली असते.

आणि तरीही मी म्हणतो की, त्या चित्रपटात मारुती कांबळेची सर्वात खरी साक्ष देतो तो निळू फुले यांचा चेहराच. मास्तर प्रश्न विचारतो तेव्हा हिंदुराव काय करतो ते पाहावे. तो आरडाओरडा करत नाही. त्याचा पाहुणचार वाढतो, हसू सैल होते आणि डोळे मात्र त्या हसण्यात सामील होत नाहीत. त्या डोळ्यांना खोलीत आणखी कुणी तरी उभे असलेले दिसत असते. जो माणूस पडद्यावर नाही त्याला पाहण्याचे काम या नटाने केले. त्याने गुन्हेगाराच्या आतून मृताला जागे ठेवले. नुसते क्रौर्य दाखवणारा नट हे करू शकत नाही, कारण क्रौर्य दाखवायला समोर कुणी असण्याची गरज लागत नाही. ज्याला समोरचा माणूस माणूस म्हणून ठाऊक आहे, त्यालाच त्या माणसाची हत्या केल्याचे ओझे चेहऱ्यावर आणता येते. आई म्हणाली होती ते हेच. नक्कल करणारा निळूभाऊंचा आवाज उचलतो, हसणे उचलतो. हे बघणे त्याला उचलता येत नाही.

*

निळूभाऊंनी एकच भूमिका जन्मभर केली, असा एक आरोप आहे. तो अर्धाच खरा आहे. १९७२ साली त्यांनी तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये सखाराम उभा केला. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन, चंपा झाल्या लालन सारंग. नाटक अश्लील ठरवले गेले, सेन्सॉरशी आणि न्यायालयात लढाई झाली. सखाराम जन्माने ब्राह्मण आहे आणि ब्राह्मण्याच्या सोज्वळ ढोंगावर थुंकणारा आहे. टाकलेल्या बायकांना तो अटी घालून घरात आणतो. आपण ढोंगी नाही याचा त्याला गर्व आहे, पण त्याच्या खरेपणाची किंमत बाई मोजते. इथे समोरची जागा रिकामी नाही. लक्ष्मी आहे, चंपा आहे आणि त्या दोघींनी सखारामला उघडा पाडला आहे. या नाटकाने समाज बिथरला तो शिव्यांमुळे, असे सांगतात. मला तसे वाटत नाही. घराच्या चार भिंतींतला धनी इतका ओळखीचा दिसला, हे सहन झाले नाही.

जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये त्यांनी अप्पाजी केला. मुलगा मुख्यमंत्री झालेला आणि त्याच्या भ्रष्ट राजवटीपुढे उभा राहिलेला म्हातारा गांधीवादी. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तर त्यांच्या हाती सत्ता नाहीच. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. त्यात दिगू टिपणीस हा पत्रकार ते झाले. मंत्री, मुख्यमंत्री, कामगारपुढारी, तस्कर सगळ्यांच्या दारात जाणारा, सगळे पाहणारा आणि काहीच करू न शकणारा हा माणूस शेवटी वेड्यासारखा हसतो. हिंदुरावाचे हसणे आणि दिगूचे हसणे शेजारी ठेवून पाहावे. एकात सत्तेची मस्ती आहे, दुसऱ्यात सत्ता पाहून झालेली माणसाची वाताहत. दोन्ही हशांना समोर कारण आहे. ज्यांना निळू फुले म्हणजे एकच एक छद्मी हास्य वाटते त्यांनी ही दोन हसणी ऐकलेली नाहीत.

आरोपाचा उरलेला अर्धा भाग खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. त्यांनी शंभराहून अधिक चित्रपट केले. त्यांतल्या कित्येकांत पाटील येतो, बाईवर हात टाकतो, कॅमेरा बाईच्या भीतीपेक्षा तिच्या फाटलेल्या पदराकडे पाहतो आणि तिकीटबारी भरते. ती बाई बहुधा गरिबाची, मळ्यातली नाही तर तमाशातली असते. तिला नाव असते, पण गोष्ट नसते. शेवटी नायक येऊन पाटलाला मारतो आणि पुन्हा तोही कुठल्या तरी चांगल्या पाटलाचाच मुलगा निघतो. व्यवस्था वाईट नाही, एक माणूस वाईट आहे, असा दिलासा घेऊन प्रेक्षक घरी जातो. हिंदीतही 'सारांश' (१९८४) या चित्रपटातून सत्तेच्या गुर्मीचा हाच चेहरा त्यांच्याकडे मागितला गेला. धंद्याने या नटाची ताकद ओळखली आणि तिचा साचा केला. निळूभाऊंनी तो साचा स्वीकारला, त्यावर घर चालवले. आज वरातीत फिरणारी नक्कल त्या साच्यातूनच पडलेली आहे. आपल्या माणसावर प्रेम असले तरी हा हिशेब मांडावाच लागेल.

त्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे पडद्याबाहेरचे आयुष्य लिहावे लागते. कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू आणि इतर नामवंत कलावंतांबरोबर त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते उभे राहिले. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पडद्यावर ज्या सत्तेचे सोंग त्यांनी घेतले तिच्या पंगतीला प्रत्यक्षात बसले नाहीत. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले.

*

आता मी जिथे राहतो तिथे येतो. १९७७ साली 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, पुन्हा जब्बार पटेल. कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची ही गोष्ट. त्यात नाग्या झाले मोहन आगाशे, चिंधी झाल्या स्मिता पाटील आणि भगत झाले निळू फुले. चित्रपट देखणा आहे, त्याची गाणी आजही आमच्या संमेलनात होतात. माझ्या वर्गातल्या ठाकूर मुलांना मी तो दाखवला. त्यांना गाणी येत होती, पण पडद्यावरचे ठाकर आपले आहेत हे त्यांना पटवून द्यावे लागले. डोंगर आपला, मधाची पोळी आपली, देव आपला. माणसे मात्र शहरातून आलेली. कलावंतांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण १९७७ मध्ये ठाकराची भूमिका ठाकराने करावी, हे कुणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

त्या चित्रपटातला भगत मात्र मुले टक लावून पाहत होती. भगत ही इथल्या पाड्यांवरची जिवंत सत्ता आहे. दवाखाना दूर, पावसात रस्ता तुटलेला, आणि ताप आलेल्या पोराला घेऊन आई आधी भगताकडे जाते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा महाराष्ट्राला या तालुक्याचे नाव कळले. इथे अंधश्रद्धेवर बोलताना भुकेवर आधी बोलावे लागते. निळूभाऊ स्वतः अंधश्रद्धेच्या विरोधात उभे राहिलेले. पण पडद्यावरच्या भगताची त्यांनी टर उडवली नाही. त्याच्या श्रद्धेला माणसाचा चेहरा दिला. पाटलाच्या बाबतीत जे केले तेच इथे केले. ज्याचा विचार पटत नाही त्याच्याही आत शिरून पाहिले.

सोंग म्हणजे काय, हे माझ्या विद्यार्थ्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या रात्री संबळ वाजू लागतो आणि लगद्याचे रंगवलेले मुखवटे चढवून एकामागून एक सोंगे येतात. गणपती येतो, शारदा येते, भीम, हिडिंबा, रावण, नरसिंह येतात. कोणते सोंग कुणी नाचवायचे याचा मान घराण्यांत चालत आलेला असतो. शेवटाला महिषासुराचे सोंग येते ते देवीच्या समोर. महिषासुर कुणाचा राजा होता आणि त्याला राक्षस कुणी ठरवले, हा वाद आपल्या वाचकाला ठाऊक आहे. तो आज बाजूला ठेवतो. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की, त्या अंगणात ते सोंग एकटे नाचून सुटत नाही. ज्याच्याशी त्याचे भांडण आहे तो समोर येतो, आणि सगळा गाव ते दोघे मिळून पाहतो. शहरातून मोबाईलवर आलेल्या नकलेत हीच गोष्ट कापलेली आहे. पाटील एकटाच नाचतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

*

रिकामी जागा भरायला सुरुवात झाली आहे, हेही नोंदवले पाहिजे. 'फँड्री' (२०१३) मधल्या जब्याच्या रूपाने सोमनाथ अवघडे हा मुलगा कॅमेऱ्यासमोर आला. अभिनयाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कोर्ट' (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला तो वीरा साथीदार यांनी. आंबेडकरी चळवळीतला कार्यकर्ता, २०२१ साली कोरोनाने आपल्यातून गेला. दोन चित्रपटांतले दोन कांबळे पाहा. 'सामना'तला कांबळे नाहीसा झालेला आहे आणि त्याच्याविषयी दुसरे प्रश्न विचारतात. चाळीस वर्षांनंतरचा कांबळे पिंजऱ्यात उभा आहे, स्वतः बोलतो आणि न्यायाधीशाला त्याचे ऐकावे लागते. न्याय त्यालाही मिळत नाही. पण तो तिथे आहे.

या वाटचालीत निळू फुले यांचे स्थान कोणते? माझे उत्तर असे : ज्या काळात मारुती कांबळेला पडद्यावर अंग मिळण्याची शक्यता फार थोडी होती, त्या काळात या नटाने त्याच्या मारेकऱ्याला इतके खरे केले की कांबळेचे नसणे झाकता येईना. ही त्यांची थोरवी. आणि तेवढ्यावर थांबावे लागले ही त्यांच्या काळाची, त्यांच्या धंद्याची आणि काही अंशी त्यांचीही मर्यादा. पुढचे काम त्यांचे नव्हते. ते आपले आहे. आपण लेखक घडवले, वक्ते घडवले. नट घडवण्याकडे आपले लक्ष कमी गेले. दलित रंगभूमीने नाटके दिली, पण आमच्या वस्त्या-पाड्यांवरच्या मुलीला रंगमंचावर उभे राहायला शिकवणारी व्यवस्था आपण उभी केली नाही.

संमेलनाचे काय झाले ते सांगून थांबतो. नक्कल मी बंद पाडली नाही. बंदीने काही शिकवता येते यावर माझा विश्वास नाही. त्या मुलांना बोलावून 'सामना' दाखवला आणि त्या मुलीलाही बोलावले. पाहून झाल्यावर फेटा बांधणारा मुलगा म्हणाला, "सर, हा तर हळू बोलतो." मग मी त्यांना सांगितले की तुमचा प्रवेश करा, पण समोर बाई असू द्या. मुलगी उभी राहिली. तिला संवाद दिलेला नव्हता. मुलाने खर्जातल्या आवाजात बोलावले. ती जागची हलली नाही, खाली पाहिले नाही, त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने हसायला तोंड उघडले आणि हसणे आलेच नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ही अशी बघत असली तर जमत नाही."

तो मुलगाही एका कातकरी वस्तीतला. त्याची आईही भट्टीवर जाते. मी त्याला काही बोललो नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मी काय करत होतो ते मला आठवत होते. त्या वर्षी तो प्रवेश रंगमंचावर आला नाही. संवाद लिहून झाले नाहीत आणि परीक्षा जवळ आली. मुलगी म्हणते, या वर्षी दिवाळीच्या आत, घरचे भट्टीवर जायच्या आधी करू, म्हणजे तिच्या आईला पाहता येईल. बाईचे संवाद ती स्वतः लिहिते आहे. तपासायला अजून माझ्याकडे दिलेले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.